विमान फ्रान्समध्ये उडालं, मी धाडला गेले

ते अवाढव्य नवं प्रवासी विमान पहिल्यांदा उडताना बघायला मी फ्रान्सला जाणार होते, पण व्हिसा वेळेत आला नाही. मी हळहळत बसले असतानाच प्रज्ञाचा फोन आला. प्रज्ञा म्हणजे हॉस्टेलमधली माझी चार वर्षांची रूममेट. त्या विमानाच्या चाचणी पथकात ती इंजिनिअर आहे. पहिल्या उड्डाणात ती स्वतः आत बसणार होती. तिच्या वडिलांना, सुखदेवकाकांना, हे माहीत होतं, आईला, शोभामावशींना, नाही. काका दोनदा सांगायला बसले आणि दोनदा हवापाण्याच्या गप्पा मारून उठले होते. "तू घरी जाऊन सांगशील?" तिनं विचारलं.

असं माझं धाडला, बुलढाण्याच्या वाटेवरच्या तिच्या गावाला, जाणं ठरलं.

तुम्हाला जायचं असेल तर पुण्याहून पहाटेची बस धरा. दुपारपर्यंत छत्रपती संभाजीनगर येतं. तिथून भोकरदनमार्गे बुलढाण्याला जाणारी एसटी धाडला थांबते. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. जानेवारीत जाल तर खिडकीशीच बसा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा आणि गहू हिरवागार असतो, मधूनच वाळत आलेली तूर दिसते.

सुखदेवकाका स्टँडवर न्यायला आले होते. बुलढाण्याच्या एसटी डेपोत त्यांनी मेकॅनिक म्हणून हयात काढली. आता दोन एकर वावर बघतात. घरी शोभामावशींनी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. मी तीन भाकरी खाल्ल्या, पण सांगायचं ते सकाळवर ढकललं.

सकाळी मावशी अंगणात तूर पाखडत होत्या. मी शेजारी बसले आणि सांगून टाकलं: प्रज्ञा आज दुपारी त्या विमानात बसणार. सूप थांबलं.

"तिले तिथं काम काय हाय?"

मी समजावलं. पंख किती वाकतात, कुठं किती हादरा बसतो, याचे आकडे ती पडद्यावर बघते आणि वैमानिकांना कळवते. सगळ्यांच्या पाठीवर पॅराशूट असतं, हेही सांगितलं, आणि ते सांगायला नको होतं असं लगेच वाटलं. मावशींनी काकांकडे पाहिलं.

काका हळूच म्हणाले, "डेपोत ब्रेकचं काम केलं का पयला फेरा आमीच बसून मारत होतो. आपन केलेल्या गाडीत दुसऱ्याले काऊन बसवायचं?"

मावशी सूप ठेवून आत गेल्या. तासाभरानं लुगडं बदलून बाहेर आल्या आणि शेजारणींना बोलावून आल्या.

दुपारी अडीचला मी मोबाईल टीव्हीला जोडला. धावपट्टीवर ते पांढरं धूड उभं होतं. दोन मजले, चार इंजिनं. शेजारच्या काकू म्हणाल्या, पूर्ण आळी बसंल यात. विमान धावू लागलं. एवढं वजन उचलणारच नाही असं वाटत असतानाच नाक वर झालं आणि चाकांखाली ऊन दिसलं. पंखांची टोकं धनुष्यासारखी वर वाकली होती. मी विमानांचे शेकडो व्हिडिओ पाहिलेत. हे बघताना डोळे भरून आले.

तासाभरात लाईन गेली. मोबाईलवरही चित्र अडकलं. आम्ही गच्चीवर गेलो, तिथंही रेंज नव्हती. शेजारणी एकेक करून निघून गेल्या. मावशी कठड्याला धरून उभ्या राहिल्या, बसल्याच नाहीत. आता काय चाललं असेल, असं त्या मला दर थोड्या वेळानं विचारत होत्या. मी मला ठाऊक होतं ते सांगत होते: आता चाकं आत घेतील, आता वेग कमी करून बघतील. काका जिन्यात बसून राहिले होते.

सहाच्या सुमारास लाईन आली, पाठोपाठ रेंजही, आणि आम्ही खाली टीव्हीपाशी धावलो. विमान उतरत होतं. चाकं टेकली, थोडा धूर निघाला, आणि ते सावकाश थांबलं. शिडीवरून नारिंगी कपड्यांतली माणसं उतरली. सगळी सारखीच दिसत होती. मावशींनी तिसऱ्यावर बोट ठेवलं. "हे आपली. पाय कशी टाकते पाहा." ती प्रज्ञाच होती.

रात्र पडायच्या आत तिचा फोन आला. मावशींनी फोन हातात घेतला आणि आधी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भेली मी, खोटं कायले बोलू. पन आता बसशीन तवा मले तूच सांगजो. दुसऱ्याले धाडू नको."

दुसऱ्या दिवशी मी परतले. धावपट्टीच्या कुंपणापाशी उभी असते तर फोटो नक्कीच चांगले आले असते, आणि ती चुटपुट अजून आहे. पण गच्चीवरचे ते दोन-अडीच तास मला कुठल्याच कुंपणापाशी मिळाले नसते. विमान किती मोठं आहे ते आकड्यांत मला आधीच पाठ होतं. आपल्या माणसाला त्यात बसवणं केवढं मोठं काम आहे, ते धाडला कळलं.

आठवड्यानं मावशींचा फोन आला. उद्या पुन्हा उडणार, पोरगी आत आहे, सकाळीच तिनं सांगितलं. यावेळी टीव्हीवर दाखवणार नाहीत म्हणे. मग तुम्ही काय करणार, मी विचारलं.

"काय करतो? वावरात जाईन. राह्यलेली तूर सोंगाची हाय, कापनीले आली."