मंदाताईंनी ब्रेक मारला नाही

मित्रहो, आज राळेगावच्या रस्त्यावर जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बोंडअळीतून वाचलेला कापूस सरकी काढायला जिनिंग मिलवर न्यायचा होता आणि आमचा ट्रॅक्टर ऐनवेळी बिघडला. गावातल्या मंदाताई स्वतःचा पिकअप चालवतात. त्या आमची ट्रॉली मागे जोडून न्यायला तयार झाल्या.

पण ट्रॉली पाहून म्हणाल्या, "भाऊ, सारं वजन मांगं काहून टाकलं? थोडं पुढं घ्या, नाई त रस्त्यावर डुलन ते." मी कुरकुरतच कापूस पुढे ओढला. हूकची पिन अन् साखळी त्यांनी स्वतः तपासली.

उतारावर एक ट्रक भरधाव बाजूनं गेला आणि त्याच्या हवेनं ट्रॉली डुलायला लागली. शेजारी बसलेला मी ओरडलो, "ताई, ब्रेक मारा!"

त्यांनी ब्रेक मारला नाही. फक्त अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि स्टेअरिंग सरळ धरून ठेवलं. ट्रॉली हळूहळू शांत झाली. मग गाडी बाजूला घेतली.

"ब्रेक मारला असता त ट्रॉलीनं आपल्यालेच आडवं केलं असतं," त्या म्हणाल्या. "एकदा मी भेऊन मारलता. गाडी नाल्यात गेलती. मले तवा कोणी सांगतलंच नव्हतं."

कापूस नीट पोचला. वीस वर्षं ट्रॅक्टर चालवतो मी, पण हे मलाही कोणी सांगितलं नव्हतं. उद्या सकाळी त्यांच्याकडे हे शिकायला जातोय. तुमच्यापैकी कोण कोण येणार?