कोरडा आवाज

थोरली साउंडच्या मिक्सरवर बसायला लागली तेव्हा सभागृहाच्या व्यवस्थापकाने तिच्या वडिलांना बाजूला घेऊन विचारलं होतं, "बाईमाणसाला जमेल का हे?" वडील भाड्याने स्पीकर लावायचे, माणूस भिडस्त. ते तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "बटणं फिरवायला मिशा लागत नाहीत." तेव्हापासून खुर्ची तिची. केस पिकले, मिक्सर बदलले, जीभ मात्र तीच राहिली.

डिलेत तिचा हातखंडा. डिले म्हणजे गेलेला आवाज मागून पुन्हा ऐकू येणं. नवशिके तो सढळ हाताने ओततात, मग गाणारा विहिरीत पडल्यासारखा वाटतो. थोरली गाणाऱ्याची मांडीवर ताल धरणारी बोटं बघायची, त्याच ठेक्यावर बटण दाबायची आणि ओळीचं शेवटचं अक्षर नेमकं पुढच्या मात्रेवर परत आणायची. पातळ गळ्यांसाठी कोरस होता. त्याच आवाजाची किंचित उशिराची, किंचित डळमळती जोड काढून ती मूळ आवाजाला चिकटवायची, की काडीसारखा गळाही भरदार लागे. किती जणांची लाज तिने अशी राखली, ते त्यांनाही ठाऊक नाही. कारण यातलं काहीच ती मंचावरच्या, गाणाऱ्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये सोडत नसे. ते फक्त प्रेक्षकांच्या कानावर जायचं.

हीच सवय एकदा तिच्या अंगाशी आली.

तिची धाकटी बहीण गायची. गळ्याच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज खरखरीत झाला, वरच्या सुरात तर सरळ फाटायचा. ऑर्केस्ट्रा धाकटीच्या नवऱ्याचा. त्याने थोरलीला गळ घातली, "ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची. लावा ना काहीतरी." आणि अख्ख्या जगाला फटकारणारी ही बाई बहिणीच्या बाबतीत विरघळली. तिने जाड कोरस लावला, वर लांबलचक डिले. टाळ्या पडल्या. धाकटीला वाटलं, गळा परत आला. त्या आठवड्यात ती घरात भांडी घासतानाही गात होती.

मग कुणा शेजारणीने मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग कौतुकाने तिला ऐकवलं. पुढच्या कार्यक्रमाच्या तालमीला धाकटी आली ती तडक मिक्सरपाशीच.

"त्या रेकॉर्डिंगमध्ये दोन बायका गातायत. मी कुठली?"

थोरलीने मान खाली घालून मिक्सरची बटणं पुसायला घेतली.

"माझ्यासाठीच केलंस ना?"

"हो गं. तुला कुणी हसू नये म्हणून."

"हसू देत की! कापलेला गळा माझा आहे, ताई. तो लोकांना कसा लागतो, ते मला कळू दे. आज काही लावायचं नाही, आवाज कोरडाच सोडायचा. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

थोरलीला राग आला, लाजही वाटली, आणि सगळ्यात जास्त भीती वाटली. पण शपथ ती शपथ.

संध्याकाळी हॉल भरला. धाकटीने पहिली ओळ बरी काढली. दुसऱ्या ओळीत सूर वर गेला आणि फाटला. मधल्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. धाकटीचा नवरा, घरचा जावई, धावत थोरलीच्या खुर्चीमागे आला.

"ताई, चढवा कोरस! अब्रू जातेय!"

थोरलीचे हात इतके शिवशिवत होते की तिने ते दोन्ही मांडीखाली दाबून धरले. ती हलत नाही म्हटल्यावर जावयाने स्वतःच मिक्सरकडे हात घातला. तेव्हा मात्र तिचा एक हात सुटला आणि फाडकन त्याच्या मनगटावर बसला.

"जावईबापू, घरी तुमचा मान मोठा. इथे हात लावायचा नाही."

"अहो, पण लोक हसतायत!"

"मला कान आहेत."

धाकटी तीच ओळ पुन्हा गायला लागली. पुन्हा फाटली. वादक एकमेकांकडे बघू लागले. तिने डोळे मिटले नाहीत, पाणी मागितलं नाही. तिसऱ्यांदा सूर लागला. आखूड, खरबरीत, पण जागेवर लागला. थोरलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला भानही नव्हतं.

गाणं संपलं. टाळ्या तुरळकच पडल्या. जावई कुजबुजला, "निदान पुढच्या गाण्याला तरी लावा." तेवढ्यात धाकटीने माइक हातात घेतला.

"गळ्याचं ऑपरेशन झालंय माझं. इथून पुढे आवाज असाच येणार. ज्यांना सोसवत नसेल त्यांच्यासाठी दार उघडं आहे."

शेवटच्या रांगेतलं एक जोडपं खरंच उठलं आणि दाराकडे निघालं. जावयाने कपाळावर हात मारून घेतला. पुढचं गाणं सुरू झालं.

"जाता जाता त्यांनाही नीट ऐकू जाऊ दे," असं म्हणत थोरलीने बहिणीचा कोरडा आवाज आणखी वर चढवला.