दवाखान्यापुरता बाप

कारखाना विकला गेला हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. गेटवरची जुनी पाटी उतरली, नवी चढली आणि पेढे वाटले गेले. माझे आबा साखर कारखान्यात पॅनवर होते. उसाच्या रसाचा पाक शिजून दाणा धरतो त्या ठिकाणी त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. स्वतःचा पेढा त्यांनी रुमालात बांधून घरी आणला, माझ्या धाकट्या बहिणीच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "मालक बदलला म्हनून पाक काय येगळा शिजत न्हाई. आपल्याला काय."

आपल्याला काय ते हंगाम संपल्यावर कळलं. कमी केलेल्यांची नावं गेटवर लागली, त्यात आबांचं होतं. कारण दिलं, पाऊस नाही, ऊस नाही. दुष्काळ खरा होता, मी नाही म्हणत नाही. पण त्याच दुष्काळात नव्या मॅनेजरच्या बंगल्यापुढच्या हिरवळीवर टँकरचं पाणी पडत होतं, हेही मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नोकरी गेली तशी कारखान्याच्या चाळीतली खोलीही गेली. आम्ही कारखान्यामागच्या वाडीत पत्र्याखाली आलो. आबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. ही सगळी गाऱ्हाणी मी पत्रकांतून लिहिली आहेत. मी तेव्हा नगरजवळच्या नागापूरला एका वर्कशॉपात लेथवर होतो आणि सुटीच्या दिवशी गेटागेटांवर संघटनेची पत्रकं वाटायचो. एक गोष्ट मात्र त्यात कधी लिहिली नाही. ती दवाखान्याची.

बहिणीला लहानपणापासून फिट यायची. खेळता खेळता ती ताठ व्हायची, पडायची, तोंडाला फेस यायचा. लोक कांदा हुंगवायचे, चप्पल नाकाशी धरायचे. कारखान्याच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिला एक मिक्श्चर सुरू केलं आणि दोन वर्षं फिट आलीच नाही. दर सोमवारी आई घरची बाटली धुऊन घेऊन जायची. कंपाउंडर ती भरायचा आणि कागदाची कातरलेली पट्टी बाहेरून चिकटवायचा. एका खाचेपासून दुसरीपर्यंत एक डोस. "बाई, खाच चुकवायची नाही," तो दर वेळी सांगायचा. "हे औषध मधेच तुटलं तर फिट दुपटीनं येते."

नव्या कंपनीनं नियम काढला की दवाखाना फक्त कामावर असलेल्यांच्या बायकापोरांसाठी. विक्री झाली ती यंत्रांची, जमिनीची, गोदामांची. त्या विक्रीत माझ्या बहिणीची बाटली कधी गेली ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आबांच्या जोडीला पॅनवर असणारे चाळीतले शेजारी कामावर राहिले होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो. काकू एका संध्याकाळी वाडीत आल्या आणि उंबऱ्यातच आईला म्हणाल्या, "पोरीला सोमवारी माझ्याकडं धाडा. मला तीन पोरंच हायत. देवानं पोरगी दिली न्हाई, आता कारखान्यानं दिली."

आमचं घर बौद्ध, त्यांचं मराठ्याचं. याच काकूंच्या दारात आमच्यासाठी वेगळी कपबशी असायची. कोनाड्यात, पालथी. मी ते विसरलो नव्हतो आणि विसरणारही नाही. पण त्या दिवशी त्या आत आल्या, आईच्या हातचा चहा प्याल्या आणि काय करायचं ते ठरवून गेल्या.

मग आबांनी बहिणीची तयारी करून घेतली. मी त्या दिवशी घरी होतो.

"नाव काय तुजं?"

तिनं सांगितलं.

"बापाचं?"

ती हसली. "तुमचंच की."

"आमचं न्हाई, बाय. काकाचं सांगायचं. दवाखान्यापुरतं."

"आन् भाईर आल्यावर?"

"भाईर आल्यावर परत मीच."

तिनं काकांचं नाव घेतलं. आडनाव अडखळलं. आबांनी पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं, पाढे म्हणवून घ्यावेत तसं. शेवटी ती आडनावासकट घडाघडा बोलली, तेव्हा त्यांनी "लई भारी" म्हणून तिच्या पाठीवर थाप दिली आणि हात धुवायला बाहेर गेले. हात धुतलेलेच होते.

"काका वरडले तर?" तिनं आत बसूनच विचारलं.

"बाप हाय, वरडनारच," आबा बाहेरून म्हणाले.

सोमवारी काकूंनी तिला खिडकीपाशी उभं केलं. "ही माझी धाकटी. तीन पोरांच्या पाठीवर झालेली." कंपाउंडरनं दोन वर्षं आईच्या हातून तीच बाटली घेतली होती. त्यानं बाटली पाहिली, पोरगी पाहिली. "मोठी झाली की हो तुमची मुलगी," म्हणाला आणि भरून दिली.

मी संतापलो होतो. उघड सांगा, म्हणालो. असल्या किती पोरी दुसऱ्याच्या नावावर औषध पितात ते छापतो, गेटवर वाटतो. आईनं भाकरी थापतानाच उत्तर दिलं, "तुज्या कागदाला उत्तर यायला किती दिस लागत्यात? तवर बाटली कोन भरनार? तुज्या कागदात माजी पोर नको." ती बाब मी पत्रकात घातली नाही.

वर्षभर हे चाललं. पुढं बहीण आबांना चिडवायचीही. खडी फोडून आलेल्या आबांना म्हणायची, "तुमी कोन? माजा बाप पॅनवर हाय." आबा हसायचे. मला हसू यायचं नाही.

मग दुसऱ्यांदा नावं लागली. त्यात काका होते. ते कुटुंब जामखेडकडं त्यांच्या गावी निघून गेलं. जाताना काकूंनी शेवटची भरलेली बाटली आईच्या हातात दिली. म्हातारे डॉक्टर विक्रीनंतर लगेच गेले होते, आता कंपाउंडरलाही कमी केलं, दवाखान्याला कुलूप लागलं. तालुक्याच्या डॉक्टरला दाखवायचं तर औषधाचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. औषध म्हणजे ती बाटली, एवढंच. आबा नगरच्या मोठ्या दवाखान्यात जाऊ म्हणत होते, पण त्यांनी खाडा केला की मुकादम टोळीत दुसरा माणूस घ्यायला टपलेला.

तेव्हा आईनं केलं ते घरोघरी बायका करतात. दूध कमी असलं की पुरवतात, तसं तिनं औषध पुरवलं. जुनी पट्टी भिजवून काढली आणि वहीच्या कागदाची नवी, दुप्पट खाचांची पट्टी भाताच्या शितानं चिकटवली. खाच एकही चुकवली नाही. कुणाला बोललीही नाही. बाटली दुप्पट दिवस पुरली.

फिट आली ती चुलीपुढं. आई पाण्याला गेली होती. शेजारची बाई धावली तोवर उजवा हात कोपरापर्यंत निखाऱ्यात होता.

निरोप मिळाला तसा मी नागापूरहून थेट नगरच्या दवाखान्यात गेलो. आबा तिला एसटीनं घेऊन आले होते, लुगड्याच्या फडक्यात हात गुंडाळून. केसपेपरच्या खिडकीवर आम्ही तिघं उभे. आतल्या माणसानं मान वर न करता तिलाच विचारलं, "नाव सांग बाळ." तिनं सांगितलं. "वडिलांचं?"

तापानं तिचे डोळे मिटत होते. दवाखाना, खिडकी, प्रश्न, सगळं तेच. तिनं काकांचं नाव सांगितलं. आडनावासकट, न अडखळता.

मी खुलासा करायला पुढं झालो. आबांनी माझ्या दंडाला धरून मागं ओढलं.

"बरोबर आहे ना, हो?" खिडकीतून आबांना विचारलं.

"व्हय साहेब," आबा म्हणाले. "मीच त्यो."

नंतर व्हरांड्यात मी त्यांच्यावर चिडलो. हा सरकारी दवाखाना आहे, इथं कुणालाही औषध मिळतं, इथं खोटं कशाला? ते फरशीकडं बघत होते. "आसंल," म्हणाले. "पन खऱ्या नावावर तिला औषध मिळत न्हाई, येवढं मी बघितलंय."

हात वाचला, तीन बोटं आखडली. फिटसाठी तिथं गोळ्या मिळू लागल्या. गोळ्यांसाठी अजूनही दर महिन्याला नगरला जावं लागतं, आणि कागदावर नाव तेच आहे. मागच्या खेपेला मी त्यांच्याबरोबर होतो. बाकावर बहीण डाव्या हातानं शेंगा सोलत होती. आतून पुकारा झाला, तिचं नाव, काकांचं नाव, काकांचं आडनाव. आबा लगेच उठले, टोपी सारखी केली आणि तिला घेऊन आत गेले.