ढेपेचा कोठा जावेला मिळाला

माझी धाकटी जाऊ नशीब घेऊनच आली, हे मी तिच्या लग्नापासून पाहत आले. तिची भाकर गोल, तिचे केस लांब, आणि सासऱ्यांना चहा हवा असला की हाक तिलाच. मी थोरली असून माझ्या पोटात दुखायचं. दुखायचं म्हणजे दुखायचंच, त्यात लपवायचं काय?

आमचं घर पिढीजात मेंढ्या पाळणारं, पण चुली वेगळ्या झाल्या तसे कळपही वेगळे झाले. माझ्या कळपात धड मेंढा उरला नव्हता. अशात गावाबाहेरच्या मेंढी केंद्रात आम्हा दोघींना कोकरं सांभाळायचं काम लागलं. तिथल्या डॉक्टर मॅडमना पाहायचं होतं, की खाण्यातली प्रथिनं कमीजास्त केली तर कोकराच्या वाढीवर आणि रक्तातल्या वाढीच्या हार्मोनवर काय फरक पडतो. एका कोठ्यात तणसाबरोबर, म्हणजे भाताच्या पेंढ्याबरोबर, सरकीची भरपूर ढेप, म्हणजे पेंड, दुसऱ्यात तणस, मक्याचा भरडा आणि ढेप नावापुरती. मधे कमरेएवढी भिंत. काम संपलं की दोघींनी आपापल्या कोठ्यातला एक नर घरी न्यायचा, असं मॅडमनी कबूल केलं. मला त्या एका नराचीच आस लागली.

कोणता कोठा कोणाचा, ते चिठ्ठ्या टाकून ठरणार होतं. थोरलीच्या मानानं मी पुढे झाले, आधी चिठ्ठी उचलली, आणि माझ्याच हातानं तणसाचा कोठा घेतला.

मग काय विचारता! वरोऱ्याहून ढेपेची पोती यायची ती तिच्या दारात उतरायची. भिजवलेल्या ढेपेचा तो गोडसर वास भिंतीवरून माझ्याकडे यायचा आणि माझी कोकरं नाक वर करून उभी राहायची. मीही. तिची कोकरं अंगानं भरत चालली, पाठ अशी की हात ठेवावा तर हाड लागू नये. माझ्या कोकरांच्या फासळ्या नुसत्या डोळ्यांनी मोजून घ्याव्यात. वजनाच्या दिवशी काट्यावर तिचं कोकरू चढलं की मी मुद्दाम पाणी आणायला निघून जायची.

"बाई, तुमच्यावाले काऊन वाढून नाई राह्यले?" तिनं एकदा विचारलं. साळसूदपणे, मनात काही नसल्यासारखं.

"तुह्यावाल्यांनी सगळी ढेप गिळली, आता मले गिळतीन," मी म्हटलं. ती हसली. त्याचाही राग आला.

माझी कोकरं मात्र एका बाबतीत पक्की होती. मी फाटक उघडलं की सगळी अंगावर धावून यायची, लुगड्याचा काठ चघळायची. त्यातला एक काळा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला, तर माझा आवाज ऐकला की भिंतीवर पाय टाकून उभा राहायचा. तिच्या कोठ्यात असलं काही नव्हतं. ती आली काय, गेली काय, तिची कोकरं गव्हाणीतून तोंड काढत नसत.

मॅडमनी कोकरांच्या मानेतून रक्त काढून नागपूरला पाठवलं होतं. त्याचा निकाल आला त्या दिवशी मी झाडत होते. "गंमत बघा ताई," त्या म्हणाल्या, "वाढीचं हार्मोन तुमच्याच कोकरांच्या रक्तात जास्त आहे."

माय वं! मी झाडू टाकला तो थेट भिंतीपाशी गेले. "ऐकलं का वं? माह्यावाल्यात जास्त! ढेप चारून काई होत नाई!" दुपारपर्यंत हातपंपावरच्या सगळ्या बायांना माझं ते सांगून झालं होतं.

संध्याकाळी मॅडमनी मला बसवून नीट समजावलं. घर बांधताना मिस्त्री विटा मागून ओरडतो आणि विटा येतच नाहीत, तसं ते. प्रथिनं कमी पडली की शरीर वाढायचा हुकूम जास्त जोरानं सोडतं, पण तो हुकूम ऐकून यकृतात जे दुसरं हार्मोन तयार व्हायला हवं ते कमी पडतं. म्हणून रक्तात हार्मोन जास्त आणि अंगावर मांस नाही. "पोटभर ढेप मिळाली तर हीच कोकरं झपाट्यानं भरून येतील," त्या म्हणाल्या. जाऊ भिंतीपलीकडून ऐकत होती. माझं तोंड पाहण्यासारखं झालं असेल.

मग मी मॅडमच्या मागेच लागले. चिठ्ठीत वाईट कोठा आला हा माझा गुन्हा आहे का? मी मरतुकडा नर का न्यावा? रोज तेच, उठता बसता तेच. शेवटी कंटाळून त्या म्हणाल्या, "बरं, कोणीही कोणत्याही कोठ्यातला न्या. थोरल्या ताईंनी आधी निवडावा."

मी एका दमात तिच्या कोठ्यातला सगळ्यात मोठा नर धरला. काय देखणा होता! तिच्या डोळ्यांदेखत दोर बांधला आणि अनेक वर्षांनी माझं पोट शांत झालं.

ती माझ्या कोठ्यात गेली आणि काळ्याला घेऊन बाहेर आली.

"अवं, हा काऊन?" मला राहवलं नाही. "तुह्यावाले इतके चांगले सोडून?"

"माह्यावाले ढेपेकडे धावत होते, बाई," ती खाली बघत म्हणाली. "तुमच्यावाले तुमच्याकडे धावत होते. मी रोज जळत होती भिंतीपलीकडून. मले बी असा एक पायजे."

मला म्हणायचं होतं, अगं वेडे, ती भुकेनं धावत होती, माझ्यासाठी नाही. म्हटलं नाही. काळा दोर ताणून माझ्याकडे वळत ओरडत गेला आणि मी तो देखणा नर धरून तिथंच उभी राहिले.

आता माझा मेंढा सगळ्या गावात नावाजलेला आहे. मी गेले तरी तो गव्हाणीतून तोंड काढत नाही. काळा तिच्याकडे ढेप खाऊन माझ्या मेंढ्याइतकाच झाला. काल तिच्या अंगणात हळद मागायला गेले. त्याच्यापुढं ढेपेचं घमेलं भरलेलं होतं. मी जावेला हाक मारली, तर त्यानं घमेल्यातून तोंड काढलं आणि कुडावर पाय टाकून उभा राहिला.

हळद न घेताच मी घरी आले.