अण्णांनी आमचं गाव पारखलं

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाइतका चिकित्सक माणूस बेळगावपासून निपाणीपर्यंत दुसरा सापडायचा नाही. सापडलाच तर दोघांना एका बाकावर बसायला सांगू नये. बाक बरा की वाईट हे ठरेपर्यंत दोघंही उभेच राहतील. आमच्या या अण्णांनी सारी हयात निपाणीच्या एका वखारीत तंबाखू पारखण्यात घालवली. पोत्यातलं वरचं पान त्यांनी कधी हातात धरलं नाही. "वरचं पान कुणीबी झ्याकच ठेवतंय," म्हणत ते कोपरापर्यंत हात खुपसायचे, बुडातलं पान ओढून चुरगाळायचे, नाकाला लावायचे आणि विकणाऱ्याचा चेहरा उतरेपर्यंत गप्प राहायचे. बहिणीसाठी मला बघायला आले तेसुद्धा ठरल्याच्या आदल्या दिवशी, भल्या सकाळी. मी बनियनवर म्हशीला पाणी पाजत होतो आणि तोंडानं आईशी भांडत होतो. तरीही मुलगी दिली. का दिली, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

वहिनी गेल्यावर अण्णा बेळगावला खडेबाजाराजवळ मुलाकडं राहायला गेले. मुलगा-सून दोघं नोकरीवाले, सकाळी गेले की अंधार पडल्यावर येणार. घरात अण्णा आणि टीव्ही. आमच्या हिचा जीव तुटायचा. आमच्या शेजारच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या, तिथं त्यांनी यावं आणि उरलेलं आयुष्य आमच्याबरोबर काढावं, एवढंच तिच्या मनात होतं. गाव लहान आणि तळ्याकाठचं, म्हाताऱ्या माणसाला याहून काय हवं? अण्णांनी नाही म्हटलं नाही. "बघून सांगतो," म्हणाले, आणि तिथून आमच्या गावाचे हाल सुरू झाले.

लोक आमचं तळं बघायला येतात ते पाऊसकाळ सरल्यावर, काठोकाठ भरलेलं असताना. अण्णा आले ते ऐन मे महिन्यात. पाणी इतकं आत गेलं होतं की म्हशींनाही ते शोधावं लागायचं. नाकाला रुमाल लावून ते चिखलाच्या कडेला उभे राहिले आणि समाधानानं म्हणाले, "आता कुठं गाव दिसाय लागलं बघा, पावणं." पुढच्या खेपेला भर झडीत आले, रस्त्यात चप्पल रुतवून घेतली आणि काढायला कोण धावतंय ते बघत उभे राहिले. डास किती आहेत हे कळावं म्हणून तिन्हीसांजेला उघड्या अंगानं घाटावर बसले. काही होत नसताना डॉक्टरकडं जाऊन पोट दुखतंय म्हणून कण्हले. डॉक्टरनं तपासलं आणि "आजोबा, तुम्हाला काही झालेलं नाही, घरी जा," म्हणून गोळीसुद्धा न देता परत पाठवलं. अण्णांना त्याचा लई राग आला, पण संध्याकाळपर्यंत त्याला पास केलं. नगरपंचायतीत तर कन्नड कारकुनाशी हट्टानं मराठीत आणि मराठी कारकुनाशी कन्नडमध्ये बोलले; बघू कोण तापतंय. दोघांनीही खुर्ची पुढं केली आणि चहा सांगितला. "हितं भांडायलाबी माणूस न्हाय," अण्णा दिवसभर कुरकुरत होते.

अशी वर्षं गेली. दर महिन्याला ते यायचे, एखादी खोट काढायचे, दोन दिवस राहायचे आणि "अजून बघू," म्हणत बस धरायचे. आमच्या मुलाला मात्र इतकी सवड नव्हती. तो पुण्यात, त्याला मुलगी झालेली. आम्ही दोघांनी कायमचंच तिकडं यावं असा त्याचा आग्रह. नातीला मांडीवर घ्यायच्या ओढीनं आम्ही हो म्हणून बसलो. फक्त अण्णांना सांगायचं राहिलं होतं. मी ते हिच्यावर ढकलत होतो, ही माझ्यावर.

गेल्या दिवाळीनंतर अण्णा आले. आम्हा जैनांचं जेवण दिवस मावळायच्या आत, आणि अण्णा त्यात मिनिटाची सवलत घेत नाहीत, म्हणून हिनं मागच्या पडवीत लवकरच ताटं मांडली. समोर तळं तुडुंब भरलेलं. भाकरीचा पहिला तुकडा मोडत अण्णा म्हणाले, "पावणं, गाव पास. त्या खोल्यांची किल्ली कुणाकडं हाय?"

हिचा वाढता हात थांबला. आता मलाच बोलणं भाग होतं. "अण्णा, आम्ही पुण्याला निघालोय. पोरानं बोलावलंय. कायमचंच."

त्यांनी तुकडा परत ताटात ठेवला. ऊन पाण्यावरून सरत सरत गेलं.

"अण्णा, जेव की रं, दिवस बुडतोय," ही म्हणाली.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. मग खाली बघत: "गाव बघाय येत हुतो व्हय मी? तिकडं दिवसभर माझ्यासंगं एक माणूस बोलत न्हाय. तुम्ही दोघं हितं भांडताय, मला मधी घेताय, तेवढ्यासाठी येत हुतो. एकदम हो म्हटलं असतं तर तुमास्नी ओझं झालं असतं."

त्या संध्याकाळी अण्णा उपाशी झोपले. हिनं आत जाऊन पुण्याला फोन लावला. मुलगा काय म्हणाला ते तिनं मला सांगितलं नाही, नुसते डोळे पुसले.

आता अण्णा शेजारच्या खोल्यांत राहतात. दर रविवारी मुलाचा फोन येतो, "आई, कधी येताय?" ही म्हणते, "बघू रं, थंडी सरू दे." नात फोनवर आता शब्द बोलायला लागली आहे. अण्णा दारात बसून सगळं ऐकतात. परवा फोन ठेवल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "पावणं, तुमच्या पोराचं मी वाईट केलं व्हय?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण या माणसापुढं ते टिकत नाही.

"थोडं केलंत," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मी माझी खुर्ची ओढून त्यांच्याशेजारी घेतली, आणि अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो.