मामाच्या शेतातला झटका

मामाचं गाव झरी जामणीकडचं. शेताचा बांध संपला की नाला, आणि नाल्यापलीकडे सागाचं जंगल. मागच्या हिवाळ्यात सुट्टी घेऊन तिथे गेले, तेव्हा पहिल्याच जेवणात मामा म्हणाला, "आता डुकरांचा तरास नाही वं. झटका लावला मी."

मला फार बरं वाटलं. यवतमाळला वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या गटात मी नोकरी करते. मीटिंगमध्ये शेवटच्या खुर्चीवर बसते, आणि बोलायची वेळ आली की पाणी पिते. माझ्याकडे लिहायचं काम असतं. गावोगाव लागलेलं पोस्टर मीच लिहिलं होतं: 'कुंपणात थेट विद्युतप्रवाह सोडू नये. सौर झटका यंत्र वापरावे.' झटका यंत्राची तार जनावराला चटका देते आणि सोडते, मारत नाही. पोस्टर माझं आहे हे मी मामाला सांगितलं नाही. इंग्लिश मीडियमची भाची मराठी लिहिते म्हणून तो दिवसभर हसला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामीसोबत शेतात गेले. सोल्यांच्या, म्हणजे ओल्या दाण्यांच्या भाजीसाठी तुरीच्या शेंगा तोडायच्या होत्या. नाल्याच्या ओल्या वाळूत मामी थांबली.

"वाघीण हाये. पोट्टे बी आणले तिनं," शेजारीण येऊन गेल्यासारखं ती म्हणाली.

मोठ्या पंजाच्या आजूबाजूला लहान पंजे उमटले होते. कडा अजून ढासळल्या नव्हत्या. सगळे ठसे आमच्या बांधाकडे वळत होते.

बांधावर बांबूच्या खुंट्यांना बारीक तार ताणलेली होती, माझ्या गुडघ्याच्याही खाली. झटका यंत्र टिकटिक वाजतं. मी कान देऊन उभी राहिले. काहीच वाजत नव्हतं. सोलर पॅनल दिसेना, बॅटरी दिसेना.

"मामी, मशीन कुठे आहे?"

"कायची मशीन?"

"झटक्याची."

"तिले मशीन कायले लागते? पाण्याच्या मोटारीच्या पेटीतून वायर देते तुये मामा. ह्या आठवड्यात रातची लाइन हाये. सांजच्याले जाऊन जोडून देते."

मामीनं विळ्याच्या टोकानं तार बाजूला केली आणि ओलांडून गेली. दुपारी तारेत जीव नव्हता. मी मात्र तिथेच उभी राहिले. गावात 'विद्युतप्रवाह' कुणीच म्हणत नव्हतं. यंत्राचा झटका आणि पेटीतली वीज, दोन्हींनाही तिथे झटकाच म्हणत. म्हणजे आम्ही पोस्टर लावून लोकांना झटका वापरा असं सांगत होतो, आणि मामा तेच करत होता.

घरी येईपर्यंत मी एकच हिशेब करत होते. संध्याकाळी लाइन येणार. वाघीण त्याच वाटेनं परत गेली, तर मरणार. तिच्यामागे पिल्लं. आणि मामा तुरुंगात. असं काही दिसलं की लगेच वनखात्याला फोन करायचा, असा आमच्या ऑफिसचा नियम आहे. गावात मारुतीच्या पाराजवळच रेंज येते. तिथपर्यंत गेले, नंबर काढला आणि परत आले. मामाविरुद्ध फोन करायचं धाडस झालं नाही, आणि मामाशी बोलायचंही.

माझ्या ताटात सोल्यांची भाजी तशीच पडून होती.

"तुमची भाची जेवून नाही राह्यली," मामी म्हणाली.

"शहरात पिझ्झे खाते ना थे," मामा म्हणाला आणि हात धुवून चपला शोधू लागला. अंधार पडायला आला होता. त्यानं वायर खांद्यावर टाकली, तशी मी अंगणात त्याच्या आडवी गेले.

"मामा, आज नका लावू."

"काहून? डुकरायले तूर वाढू का ताटात?"

"वाघीण आली आहे. पिल्लं आहेत."

"माहीत हाये. नाल्यानं जाते थे."

"नाल्यानं नाही गेली. बांधाकडे ठसे वळलेत."

"बरं, पाहतो." हे 'पाहतो' मला लहानपणापासून ओळखीचं आहे. त्यानं काही होत नाही.

 मराठी शब्दच संपले. मी वाकले आणि त्याचे पाय धरले.

मामा विंचू चावल्यासारखा मागे सरला. "अवं, अवं! मामाच्या पाया पडते? पाप लावतं का मले?"

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, भाचीनं पडायचं नसतं. घाईत मी ते विसरलेच होते. शेजारच्या ओट्यावर बसलेले दोघे इकडे पाहू लागले.

"पाहा मामीनं लावलेले संस्कार," एक जण म्हणाला.

"संस्कार तुमच्या गावाचे!" मामी दारातून ओरडली. मग मामाला म्हणाली, "आता पडा तिच्या पाया, आन् मागते थे द्या. नाही तं पाप राहीन डोक्यावर."

मामानं वायर खाली ठेवली. वाकून माझ्या पायांना हात लावला. तेव्हा त्याची पाठ किती बारीक झाली आहे ते दिसलं.

"बोल, काय पाहिजे?"

"वायर."

त्यानं वायर उचलली. ती माझ्या हातात देऊन तो घरात गेला आणि घोंगडं, काठी आणि तेलाचा रिकामा डबा घेऊन आला.

"कुठे चाललात?"

"जागलीले. डुकरं कोन हाकलीन, तुयं ऑफिस?"

मी ज्या शेतात वाघिणीला वाचवलं, त्याच शेतात मामा रात्रभर बसणार होता. मामीनं माझ्याकडे पाहिलं नाही. लांबून डबा वाजला की ती भांडी घासता घासता थांबायची. तो पुन्हा वाजेपर्यंत आम्ही दोघी श्वास रोखून बसायचो.

सकाळी तो आला. डोळे लाल, हातात तुरीची मोडकी फांदी.

"हे डुकरांनी केलं. तुयी वाघीण नाही दिसली." चूळ भरून त्यानं विचारलं, "तू हाये ना दोन-चार दिस? तू हायेस तवर नाही लावत. शब्द देला."

माझी बस त्याच दुपारची होती. मामीनं शिदोरीसाठी कणीक मळायला घेतली होती. मी तिला म्हणाले, सुट्टी वाढली आहे. ऑफिसला काय सांगायचं, तेच मनात जुळवत मी पाराकडे निघाले.