अस्तर चांगलं घाला

मॅचिंगकाका कुठलीही वस्तू उन्हात नेल्याशिवाय विकत नसत. ब्लाउजपीस असो नाहीतर मदरबोर्ड, ते तो घेऊन दुकानाच्या पायरीवर जायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि माल डोळ्यांपासून चार बोटांवर धरून बराच वेळ बघत उभे राहायचे. "ट्यूबलाइट लबाड असते. तिच्या उजेडात सगळं सगळ्याला मॅच होतं," असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाईक आत ताटकळतंय, रस्त्यावरून रिक्षा हॉर्न देत चालल्यात, आणि हा गृहस्थ आपला उन्हात पिना मोजतोय. ती पायरी अजून आहे, पण मी बिबवेवाडीला गेले तरी त्या गल्लीत शिरत नाही.

दुकान मुळात काकूंचं. साडीवर मॅचिंग ब्लाउजपीस, अस्तर, परकर, आणि साड्यांना फॉल-पिको करून देणं. पाटीही तीच, 'मॅचिंग सेंटर'. काका चिंचवडला एका कारखान्यात होते. बाहेरच्या कंपन्या आल्या, स्पर्धा वाढली, कारखान्याने माणसं कमी करायला काढली तेव्हा ते पैसे घेऊन स्वेच्छेने घरी बसले. घरी बसवेना म्हणून काँप्युटर जोडायचा कोर्स केला आणि काकूंच्या दुकानात मागच्या बाजूला टेबल टाकलं. पाटी बदलायचा खर्च केला नाही. "काय चुकीचं लिहिलंय? मीही मॅचिंगच करतो की," म्हणाले.

पुढे फळ्यांवर रंगांची उतरंड, मागे उघडे काँप्युटर, आणि मध्ये काहीच नाही. अस्तराचे तागे टेबलाला टेकलेले असायचे. मध्ये एक पत्रा ठोकून घ्या, असं काकू माझ्यादेखत कितीदा तरी म्हणाल्या असतील.

"एक दिवस हे तुमचे डबे माझं दुकान खाणार आहेत."

"खाऊ देत. सुती आहे, पचेल," काका म्हणायचे.

आम्ही हसायचो. मीही हसायचे. 

मी अमरावतीहून नोकरीला आलेली. हिंजवडीत फोनवर गोऱ्या लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, कंपनीच्या बसने यायचं-जायचं, आणि बिबवेवाडीत तिघी मैत्रिणींत एक खोली. मला लहानपणापासून गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचं वेड. पहिल्या पगारांतून साठवून स्वतःचं काँप्युटर मशीन जोडायचं ठरवलं, आणि ऑफिसातल्या एकाकडून पडद्यावरची चित्रं पळवणारं जुनं ग्राफिक्स कार्ड स्वस्तात घेऊन मोठ्या दिमाखात या दुकानात शिरले. काकांनी कार्ड उन्हात नेलं, परत आणलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"सुंदर आहे. फ्रेम करून भिंतीवर लावा."

"काऊन? चालत नाही का?"

"चालतं की. पण हे जुन्या खाचेचं, आणि तुम्ही जो बोर्ड म्हणताय त्याला खाच नवी. ही मुलगी त्या घरात नांदायची नाही. आणि 'काऊन' नाही, 'का'. कुठल्या तुम्ही?"

"अमरावती."

त्या दिवसापासून माझं नाव अमरावती. "अहो अमरावती, या. बसा. कशाला हात लावू नका."

माझं मशीन जोडायला त्यांनी बरेच दिवस लावले. मला भारी ग्राफिक्स कार्ड हवं होतं, बाकी काहीही चाललं असतं. काका ऐकेनात. भिंतीतली वीज घेऊन मशीनच्या सगळ्या भागांना वाटून देणारा जो डबा असतो, तो एसएमपीएस, त्याला ते अस्तर म्हणत. "अस्तर चांगलं घाला. वरचं कापड पुढच्या दिवाळीला बदलता येतं. अस्तर विरलं की वरचं कितीही भारी असो, फाटतं." माझ्या दोन हातांत दोन डबे देऊन म्हणाले, "सांगा, जड कुठला?" डावा जड होता. "हलक्यावर छापलेला आकडा मोठाय, बघा. आकडा छापायला काय लागतं?" तेव्हा ग्राफिक्स कार्ड एका पायरीने खाली आलं, डबा जड आला, आणि मी त्यांच्यावर दोन दिवस रुसले. ते मशीन नंतर मी कितीतरी वर्षं वापरलं.

सगळ्यांचंच ते असं करायचे. स्वस्त कॅबिनेट घेतलं की त्याच्या पोटात एक हलका डबा फुकट यायचा. काका तो काढून टाकत आणि गिऱ्हाइकाला जड डबा बसवून देत. काढलेले हलके डबे मात्र टाकवत नसत. वर माळ्यावर, जुन्या अस्तरांच्या गठ्ठ्यांशेजारी, त्यांची रास लागली होती. "चालू आहेत सगळे. चालू वस्तू फेकायची कशी?" आणि त्यांतलाच एक त्यांच्या स्वतःच्या मशीनला होता. ते मशीन म्हणजे उरल्यासुरल्याचं गाठोडं. बोर्ड एकाने बदलून घेतला तो, पंखा दुसऱ्याचा, एका बाजूचं झाकण नाहीच. नव्या मशीनांत जे काय प्रोग्राम भरायचे ते सगळे याच्यातून भरायचे, म्हणून ते दिवसभर चालू. एक डबा गेला की माळ्यावरून दुसरा काढायचे.

काकूंचंही तेच. मॅचिंग सेंटरची मालकीण, आणि मी त्यांना कधी मॅचिंग ब्लाउजमध्ये पाहिलं नाही. ताग्याच्या शेवटी जो तुकडा उरेल त्याचा ब्लाउज. जांभळ्या साडीवर विटकरी, हिरवीवर राखाडी. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "अगं, चांगला पीस गिऱ्हाइकाला. आपल्याला काय, अंग झाकलं म्हणजे झालं." नवराबायको दिवसभर एकमेकांना टोमणे मारत, पण या एका बाबतीत त्यांची तार अगदी जुळलेली होती. मला ते फार आवडायचं, खरं सांगते. आमच्या ऑफिसात जो तो आधी स्वतःचं बघायचा, आणि इथे ही दोन माणसं.

काकांना तपकिरीचं व्यसन होतं. डबी सदऱ्याच्या खिशात, चिमूट नाकात, आणि मग दणदणीत शिंक, उघड्या बोर्डाकडे पाठ करून. "तुमचं नाक कधीच गेलंय तपकिरीत," काकू म्हणायच्या. ते खरंच होतं. शेजारी कुणी खमंग फोडणी दिली तरी काकांना पत्ता नसे. वास काकूंना यायचा. त्या उन्हाळ्यात तर रोजच येऊ लागला. फॉल लावता लावता मध्येच सुई थांबवून त्या मान वर करायच्या.

"अहो, वास येतोय."

"कसला?"

"गरम गरम. इस्त्री कापडावर राहिल्यासारखा."

"इस्त्रीच असेल कुणाची."

मलाही एकदा आला. तापलेल्या धुळीचा, थोडासा गोडसर. मी काकांच्या मशीनवर हात ठेवला तर मागची बाजू चांगलीच पोळत होती. तिथेच ताग्याची कड लोंबत होती, ती मी सरकवली.

"काका, तुमचाही डबा बदला ना. जड बसवा एखादा."

"मी काय गेम खेळतो? माझं चाललंय की." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "बरं, हा लग्नाचा सीझन संपू दे. बदलू."

तो सीझन जोरात होता. नवरीमुलींच्या साड्या फॉलसाठी येऊन पडलेल्या, शालू, पैठण्या, प्रत्येकीला चिठ्ठी टाचलेली. दुपारी दुकान बंद ठेवायची त्यांची पद्धत, पण तेव्हा काकू घरी जात नव्हत्या. शटर अर्धं ओढून आत फॉल लावत बसायच्या आणि काका घरून त्यांचा डबा घेऊन यायचे. मशीन बंद करायची कुणाला आठवण राहत नसे.

त्या दिवशी सकाळी मी बसची वाट बघत तिथेच उभी होते. काकू म्हणाल्या, "अहो, आज जास्त येतोय." काका वैतागून उठले, मशीनपाशी वाकले, त्या उघड्या बाजूला नाक लावून दोनदा जोरात हुंगलं. "काही नाही. तुझ्या डोक्यात बसलाय वास." बस आली, मी चढले.

दुपारी ऑफिसात मैत्रिणीचा फोन आला, दुकानाला आग लागली म्हणून. मी पोचले तेव्हा बंब परत निघाला होता. आग म्हणावी तर फार नव्हती. धूर होता. कापडाचा आणि प्लॅस्टिकचा काळा धूर, गल्लीभर. समोरच्या औषधाच्या दुकानात, काउंटरवर, साड्यांचा ढीग होता. औषधवाले सांगत होते. काकू बाहेर आल्या होत्या. धडधाकट बाहेर आल्या होत्या, हातात ह्या साड्या घेऊन. इथे ठेवल्या, चिठ्ठ्या बघितल्या आणि म्हणाल्या, "एका नवरीचा शालू राहिला, गिऱ्हाइकाचा आहे." कुणी धरायच्या आत शटरखालून पुन्हा आत गेल्या.

शालू वाचला. त्यांनी तो पोटाशी घेतला होता.

हॉस्पिटलच्या बाकावर काका जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसले होते, तसाच, न उघडलेला. मला बघून म्हणाले, "ती म्हणाली होती, अमरावती, की वास येतोय. मी नाक लावून बघितलं." थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाले.   दुसऱ्या दिवशी सकाळी काकू गेल्या.

त्यांना मूलबाळ नव्हतं. बिल्डिंगमधल्या बायकांनी सगळं हातात घेतलं. सवाष्ण गेली म्हणून हिरवी साडी आणली, ओटी भरायची म्हणून नारळ आणला. खणाचं कुणीतरी बोललं, तसे कोपऱ्यात बसलेले काका उठले. "खण मी आणतो," म्हणाले, आणि ती हिरवी साडी काखेत मारून चालू लागले. त्यांना एकटं कसं सोडायचं, म्हणून मी मागे गेले.

मोठ्या रस्त्यावर दुसरं मॅचिंग सेंटर होतं. तिथल्या बाईंनी साडी बघून पटकन एक हिरवा पीस काढला. "घ्या, अगदी चपखल." काका तो घेऊन पायरीवर गेले. चष्मा वर केला, पदराशेजारी पीस धरला. "पोपटीकडे जातोय." दुसरा काढला. तो घेऊन बाहेर, पुन्हा आत. "हा जरा मेलेला आहे." तिसरा, चौथा. बाई कंटाळल्या. "काका, एवढं कोण बघतंय? फंक्शन कधी आहे?"

"आजच," काका म्हणाले.

पाचवा पीस घेऊन ते बराच वेळ उन्हात उभे राहिले. ऊन रणरणतं होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी ते पुसत नव्हते. मग आत आले. "हा द्या."

बाईंनी मापून कापला, घडी घातली, आणि रोजच्या सवयीने विचारलं, "अस्तर?"

मी घाईघाईने म्हटलं, "अस्तर नको हो, शिवायचा नाहीये."

काकांनी काउंटरवर हात ठेवला. "द्या," म्हणाले, "चांगल्यातलं द्या." बाईंनी सुती अस्तराचा हिरवा तुकडा कापून पुढे केला. तो घेऊन काका पुन्हा उन्हात गेले.